पदवीच्या शपथेतले आमचे नाव

प्रति,
माननीय कुलगुरू महोदय,
रोक्कावेर्ना विद्यापीठ,
वरचा चौक, रोक्कावेर्ना.

दिनांक : २२ जून १९६१

विषय : पदवीदानाच्या शपथेतील स्कार्दोत्सी घराण्याविरुद्धचे वाक्य काढून टाकणेबाबत.

संदर्भ : (१) आमच्या घराण्याचे सन १५४८, १६३१ व १८१६ चे अर्ज. (२) आपल्या कार्यालयाचे चालू महिन्याच्या ९ तारखेचे पत्र.

महोदय,

मी खाली सही करणार अर्दुईनो स्कार्दोत्सी, वय छप्पन्न, धंदा पाव भाजणे, शिक्षण इयत्ता पाचवी, या अर्जात प्रथम आपल्या विद्यापीठाचा इतिहास आमच्या भट्टीवरून जसा दिसतो तसा सादर करीन, तदनंतर माझी कन्या लीव्हिया हिच्यावर ओढवलेला प्रसंग कथन करीन, आणि अखेरीस एकच मागणी मांडीन. मागणीत दयेची याचना नाही. ती शोधण्यात आपला वेळ जाऊ नये म्हणून आधीच नमूद करतो.

१. आपल्या महाद्वारावर 'ज्ञानाने स्वतः ही टेकडी निवडली' असे कोरलेले आहे. टेकडी खेचराने निवडली. सन १२९८ मध्ये तीन अध्यापक व एक्केचाळीस विद्यार्थी दुसऱ्या एका गावच्या गुत्त्यात मारामारी करून पळाले आणि समुद्राकडे निघाले असता, ग्रंथांचे ओझे वाहणारे खेचर आमच्या चढावर बसले ते उठेना. ते का उठत नाही यावर अध्यापकांनी तीन दिवस वाद घातला. ओझे उतरवून पाहावे असे कोणास सुचले नाही. चौथ्या दिवशी वादाला बसण्यासाठी बाके आली, आणि विद्यापीठ स्थापन झाले. त्या तीन दिवसांत चव्वेचाळीस उपाशी तोंडांना पाव आमच्या घरातून गेला. याचा उल्लेख दारावर नाही. खेचराचाही नाही, हे मान्य करतो.

२. आता शपथेचे मूळ. वरच्या चौकातील भिंतीत पावाचे माप म्हणून एक गोल खळगा कोरलेला आहे. विकायचा पाव त्या खळग्याहून लहान असू नये असा जुना दंडक. सन १३२७ मध्ये तर्कशास्त्राचे अध्यापक गुरुवर्य उगुच्चोने यांनी माझे पूर्वज नुच्चो यांना भर चौकात अडवून पाव लहान असल्याचा आरोप केला. नुच्चो म्हणाले, "गुरुजी, पाव गार झाला की आक्रसतो. माप गरम पावाचं घ्यायचं असतं." गुरुवर्य म्हणाले, "अरे पीठवाल्या, वस्तू तीच असेल तर आकारही तोच राहणार. नाही म्हणतोस, तर दाखव सिद्ध करून!" नुच्चोंनी भट्टीतून तत्क्षणी एक पाव काढून आणला. गुरुवर्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून खळग्यात दाबला. पाव मापाला बरोबर निघाला आणि हात भाजले. गुरुवर्य ज्या प्रकारे चौकभर उड्या मारू लागले, ते पाहून नुच्चो हसले. हसला अवघा चौक. परंतु विद्यापीठाच्या लेखनिकाने तक्रारीत नाव नुच्चोंचेच लिहिले, कारण त्याला तेवढेच ठाऊक होते. तो रोज पाव आमच्याकडूनच नेत असे.

या हसण्यावरून विद्यापीठ रुसून शेजारच्या गावी गेले आणि दोन वर्षे आले नाही. इकडे खोल्या ओस पडल्या, गुत्ते बंद झाले, तेव्हा नगरसभेने हातापाया पडून त्याला परत आणले. अट अशी पडली की पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने लॅटिनमध्ये शपथ घ्यावी : 'पाववाला नुच्चो स्कार्दोत्सी व त्याचा वंश यांच्याशी मी कधीही समेट करणार नाही, आणि त्यांच्या हातून पाव घेणार नाही.' सहाशे बत्तीस वर्षे ही शपथ चालू आहे. गुरुवर्य उगुच्चोने यांच्या तर्कशास्त्राचे एक पानही आज उरलेले नाही.

३. सन १५४८ च्या आमच्या अर्जावर आपल्या विद्यापीठसभेचा 'सभेस पुरेसे सदस्य नव्हते' असा शेरा आहे. सन १६३१ मध्ये प्लेग होता. संपूर्ण अध्यापकवर्ग डोंगरात पळाला, शहरात पाव आम्हीच भाजत राहिलो, आणि परतल्यावर सभेने कळविले की 'अशा दुःखद काळात क्षुल्लक विषय काढणे शोभत नाही.' पुढे फ्रेंच फौजांनी विद्यापीठ बंद करून इमारतीत घोडे बांधले. ते गेल्यावर सन १८१६ मध्ये विद्यापीठ पुन्हा उघडले, तेव्हा वर्गांवर छप्पर नव्हते. पहिल्या तुकडीने भर पावसात छत्र्या धरून आमच्याविरुद्ध शपथ घेतली. त्या अर्जावर शेरा आहे : 'विचाराधीन.' तो विचार अद्याप चालू असावा असे मी धरून चालतो.

४. शपथ पाळली कशी जाते, हेही अभिलेखावर यावे. आमच्या दुकानाच्या मागे गल्लीत एक खिडकी आहे. शपथेत 'हातून' असे आहे, तेव्हा हाताऐवजी भट्टीच्या लांब फावड्यावरून घेतलेला पाव चालतो, असा निर्णय आपल्या विद्वानांनी फार पूर्वी केला. म्हणून मी रोज सकाळी फावड्यावर पाव ठेवून तो खिडकीबाहेर सरकवतो, आणि पदवीधर तो तोंड फिरवून उचलतात. धर्मशास्त्राचे अध्यापक तर खोकून इशारा देतात. महोदय, आपणही सन १९२६ मध्ये ही शपथ घेतलेली आहे. आपला खोकला मला ओळखू येतो. आमचा पाव बिनमिठाचा असतो, आणि आपल्याला करपलेल्या कडेचा आवडतो.

५. माझी कन्या लीव्हिया आमच्या वंशात विद्यापीठाची पायरी चढलेली पहिली. चार वर्षे तिने कायद्याचा अभ्यास पिठाच्या पोत्यावर बसून केला. परीक्षेत ती सर्वप्रथम आली, हे आपल्याच फळ्यावर लागले होते. पदवीदान १४ जुलै रोजी आहे. शपथ घेतल्याशिवाय पदवी नाही. म्हणजे, महोदय, तिने आपल्या बापाशी कधीही समेट करणार नाही असे वचन दिल्यावर तिला वकिलीचा कागद मिळणार.

मी नोंदणी कचेरीत गेलो. तेथील कारकून सिन्योर कालिस्तो मला म्हणाले, "अहो अर्दुईनो, एवढं काय मनावर घेता? नुसते ओठ हलवायचे. अर्ध्या पोरांना ते लॅटिन कळतंय कुठं!"

लीव्हिया सोबत होती. ती म्हणाली, "मला कळतं ना सिन्योर. तीच तर अडचण आहे."

"मग चौदा तारखेच्या आत लग्न उरकून टाक, पोरी. आडनाव बदललं की प्रश्न मिटला."

"आडनाव बदलेल हो, पण 'वंश' या शब्दाचं काय करायचं? आणि तुमच्या डब्यात आज कुणाचा पाव आहे, ते आधी सांगा."

सिन्योर कालिस्तो यांनी डबा खणात सरकवला. यावरून त्यांच्यावर कारवाई होऊ नये. भला माणूस आहे, आणि डबा आपल्या कचेरीत प्रत्येकाचाच आहे.

घरी आल्यावर माझी पत्नी झेलिंदा म्हणाली, "घेऊन टाक शपथ, बाळ. आम्ही काय मनाला लावून घेणार आहोत? आम्हाला सवय आहे." लीव्हियाने उत्तर दिले, "आई, तुम्हाला सवय झाली, हेच तर मला सोसवत नाही." मी पीठ मळायला घेतले, परंतु त्या दिवशीचा पाव फुगला नाही.

६. आपल्या ९ तारखेच्या पत्रात कृपापूर्वक असे सुचविले आहे की, मी घराण्याचा आजचा प्रमुख या नात्याने नुच्चोंच्या हसण्याबद्दल लेखी क्षमा मागितल्यास सभा 'सहानुभूतीपूर्वक' विचार करील. यावर माझे उत्तर स्पष्ट आहे. मी क्षमा मागणार नाही. पाव मापाला बरोबर होता. गुरुवर्यांचे हात भाजले याचे आम्हाला वाईट वाटते, ते नुच्चोंनाही वाटले. त्यांनी चरबीचे मलम पाठविले होते आणि ते आपण ठेवून घेतले, याची पावती आपल्याच ग्रंथालयात लीव्हियाने वाचली आहे. परंतु हसणे हे हसण्यासारखे काही घडल्यामुळे घडले. ज्या संस्थेला सहाशे वर्षांत एकदाही स्वतःवर हसता आले नाही, तिने आम्हाला आमच्या हसण्याची क्षमा मागायला लावावी, हे मला पटत नाही. इयत्ता पाचवीच्या पुढे काही निराळे शिकवीत असतील तर ठाऊक नाही.

७. लीव्हियाने निश्चय केला आहे की ती हे वाक्य उच्चारणार नाही. पदवी मिळो अथवा न मिळो. तिला सूट द्या असे मी म्हणत नाही. सूट म्हणजे बाकीच्या पोरांनी तिच्या शेजारी उभे राहून तेच वाक्य म्हणायचे. सबब मागणी एकच. वाक्य काढून टाकावे.

ते काढता येत नसेल, तर १४ जुलै रोजी ते विद्यार्थ्यांकडून म्हणवून घेऊ नये. आपण स्वतः व्यासपीठावरून खाली यावे, माझ्या मुलीसमोर उभे राहावे, आणि लॅटिन बाजूला ठेवून, आपण बाजारात बोलतो त्या साध्या इटालियनमध्ये, तिच्या डोळ्यांत पाहून तिला सांगावे : 'मुली, तुझ्या बापाशी मी कधीही समेट करणार नाही.' हे आपल्याला अडखळल्याशिवाय म्हणता आले, तर आम्ही तिघे टोप्या काढून आपल्याला नमस्कार करू आणि पदवीविना घरी जाऊ. पुन्हा आमच्या घराण्याचा अर्ज येणार नाही.

मला वाटते, आपल्याला ते म्हणता येणार नाही. आपण वाईट गृहस्थ नाही.

सोबत : (१) लीव्हियाचे गुणपत्रक. (२) मागील तीन अर्जांच्या नकला, शेऱ्यांसह. (३) मलमाच्या पावतीची नक्कल.

हा अर्ज प्रथम सिन्योर कालिस्तो वाचतील, मग सभेचे अकरा सदस्य, आणि शेवटी आपण. इतक्या विद्वान मंडळींनी एका पाववाल्याचे लिहिणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, याबद्दल प्रत्येकाचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र, परंतु वाकलेला नव्हे,

अर्दुईनो स्कार्दोत्सी
नुच्चोंचा वंशज, लीव्हियाचा बाप