पोहे आणि राणी हिराई

११ मे २००३, रविवार. मु. सावली, जि. चंद्रपूर

झालं! आजचा पाचवा. पोहेही पाचव्यांदा. पण आज जे झालं ते आधीच्या चारांत नव्हतं!

मुलगा धानोऱ्याचा. राजदीप. फॉरेस्टात गार्ड आहे. सोबत त्याचे काका वामनराव – सगळं बोलणं तेच करतात. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, उभं राहायला लावलं. बाबांनी सांगितलं, डी.एड. झालं, आता शिक्षकांच्या यादीत नाव लागायची वाट पाहून राह्यलो. मग काका मुलाला म्हणाले, "तुले काई इचाराचं असन त इचार."

मी मान खाली घालून तयार – स्वयंपाक येते का, म्हणेल. आणि हा म्हणतो, "इतिहासात तुमाले कोन आवडते?"

बाप्पा!

समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. सगळ्यांनी माझं उत्तर मनात देऊनही टाकलेलं. आणि माझ्या तोंडातून काय निघावं – "रानी हिराई."

काकांचा चमचा बशीतच थांबला. "काऊन? बाबासाहेब नाई आवडत?"

"ते त घरचेच आहेत. बापाले कोनी आवडते मनते का?"

बाबांना ठसका लागला. आई दारामागून डोळे वटारून राहिली होती. राजदीप हसला. (दात चांगले आहेत.) म्हणाला, "मंग हिराईच काऊन?"

"राजानं बायकोसाठी कबर बांधली ते साऱ्या दुनियेले मालूम. आपल्या चंद्रपूरच्या रानीनं नवऱ्यासाठी समाधी बांधली, वरून राज्य बी चालवलं. तिचं नाव कोनाले मालूम?"

एवढं बोलले मी! काकांसमोर!

पोह्यात मीठ नव्हतं हे ते गेल्यावर कळलं. कोणी बोललंच नाही.

१२ मे

आई बोलत नाही. बाबा मध्येच आठवून हसतात.

१४ मे, बुधवार

कनीज धावत आली – "चल, फोन आहे तुह्या!" कनीज माझी शाळेपासूनची मैत्रीण, बसस्टँडवर तिचा एस.टी.डी. बूथ आहे. नंबर बाबांनीच देऊन ठेवला होता. बाबांनी!

राजदीप म्हणाला, "तुमी माह्यं इचारलंच नाई."

"सांगा मंग."

"सम्राट अशोक."

"काऊन?"

"जिंकल्यावर 'चुकलो' मनला. आमचे साहेब त हरल्यावरही नाई मनत."

मी इतकी हसले की बाहेर थांबलेला माणूस काचेतून डोकावला. कनीज म्हणे, "मले बी इचार ना! रझिया सुलतान! बापानं पोरायले सोडून पोरीले गादी देली. आमच्या अब्बानं भाऊ बिलालले सोडून मले बूथ देला. एकच गोष्ट!" आणि खुर्चीवर अशी ऐटीत बसली की विचारू नका.

घरी येताना रस्त्यात पायच ठरत नव्हते. कोणी पाहिलं असेल का?

१८ मे, रविवार

चंद्रपूर!! कनीजला कपडा घ्यायचा म्हणून निघालो. कपडा घेतला नाही.

फोनवर ठरल्याप्रमाणे राजदीप समाधीच्या गेटपाशी उभा. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला ओला दुपट्टा. सेहेचाळीसच्या उन्हात आम्ही तिघं समाधीच्या सावलीला. तो मान वर करून पाहत राहिला. "एवढं मोठं! मंग राजा कसा होता?"

"ते काऊन इचारता? बांधलं कोनं ते पाहा!"

"बरं बाई," म्हणाला, आणि हात जोडले. समाधीला की मला, ते समजलं नाही.

कनीज शहाणी आहे. रसवंतीत तिनं मुद्दाम पाठ करून बसायची जागा घेतली. तो म्हणाला, जंगलात एकटं फिरताना बोलायला कोणी नसतं, म्हणून तो जुन्या राजांशी बोलतो! मी म्हटलं, राण्यांशी नाही? तर कानापर्यंत लाल!

२३ मे

होकार आला!!! काकांसकट!!!

१६ जून, सोमवार

शिक्षण सेवकाची ऑर्डर आली! माझ्या नावाची! बाबांनी दोनदा वाचली, मग मोठ्यानं, मग शेजारी जाऊन. गाव एटापल्ली तालुक्यात, जंगलात पार आत. सव्वीसला हजर व्हायचं.

दुपारी बूथवर बाबांना वामनरावांचा फोन. "पोरगी एटापल्लीले, पोरगा धानोऱ्याले, हा काई संसार झाला? तिथी बदली झाली त मानसं रडतात. नोकरी सोडा, नाईतर हे लग्न आमाले जमत नाई."

बाबा घरी आले, हे सांगितलं आणि वर एवढंच बोलले, "तू ठरव. मी काई मननार नाई."

१७ जून

आईला विचारलं, तू काय केलं असतं? आई सहसा असल्या गोष्टींत पडत नाही. म्हणाली, "सावित्रीबाई शाळेत जाताना संग दुसरं लुगडं नेत होती. लोक शेन फेकत मनून. मनजे आज बी फेकतील, हे घरातून निघतानाच तिले मालूम राहे. तरी जाये. मले त्याच्यासाठीच ते आवडते." आणि तांदूळ निवडायला बसली.

मी सरळ बूथवर गेले. राजदीपच्या फॉरेस्ट रेंज ऑफिसात फोन लावला. "मी जाऊन राह्यली."

 मग – "बरं." आणि फोन बंद.

कनीजनं मला खुर्चीवर बसवलं, तिच्या खुर्चीवर. 

२५ जून. एटापल्लीच्या पुढे

पोचले. पाऊण दिवस एस.टी.त, मग जीपमध्ये, मग चिखलात पायी. दोन खोल्यांची शाळा, एकीला दार नाही. मंगली नावाची पोरगी फळा पुसून तयार ठेवून बसली होती – शाळा उद्यापासून आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. माझं बोलणं तिला निम्मं समजतं, तिचं गोंडी मला काहीच नाही. दोघी नुसत्या हसत बसलो. माझी शाळा!!

त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आहे. आज तीन वेळा ठरवलं.

६ जुलै, रविवार. एटापल्ली

बाजाराला आले आणि हिंमत करून त्याच्या ऑफिसात फोन लावला. रविवार असूनही पहिल्याच घंटीला त्यानंच उचलला. "कुठी होती तू? पत्ता बी नाई तुह्या! मी एटापल्लीले बदली मागतली. साहेब मनले, तिथून बदली मागनारे लय पाह्यले, तिथी मागनारा तू पहिलाच. चहा पाजला मले!"

मला रडू की हसू कळेना. विचारलं, "आन् काका?"

"काकाले अजून सांगतलं नाई."