ओटीपी जुन्याच नंबरवर

बाबा, तुमच्या दरबारात एक गंभीर तक्रार आहे. तुमच्या चिरंजीवांना मूळव्याध झाल्याचं कारंज्याच्या टपरीवर चिरंजीवांच्या आधी कळलं. दवाखान्याने माझ्या नावापुढे पुतण्याचा नंबर टाकला, रिपोर्ट त्याला गेला, त्याच्याकडून टपरीवर, आणि टपरीवाला भरगर्दीत विचारतो, "गुरुजी, तुमाले बिनमिरचीचे भजे काढू काय?" तुम्ही वैद्य, निदान 'अर्श' म्हणायचात. त्या शब्दाआड माणसाची अब्रू तरी झाकून राहायची.

तुमची ती युक्ती आठवते. बाई नवऱ्याबरोबर आली की तुम्ही नाडी धरता, कपाळाला आठ्या घालता आणि नवऱ्याला फर्मावता, "काळ्या शेळीचं दूध आणा, ताबडतोब!" तो बिचारा गावभर शेळ्या शोधतो, तोवर बाई मन मोकळं करते. दूध खरंच आलं तर त्याचा चहा व्हायचा.

ताईची मुलगी, तुमची नात, इंझोरीला दिली. तिसरं मूल नको म्हणून तिने गुपचूप तांबी बसवून घेतली. घरात मोबाइल एकच, नवऱ्याचा. दवाखान्यातही तोच नंबर. तपासणीचा मेसेज त्याला गेला. तो वाचत वाचतच चुलीपाशी आला. "कोनाले इचारून बसवली वं?" ती तोंड उघडणार तोच कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात बसला. दुसरा हातावर, हाड मोडलं. केस धरून अंगणात ओढली आणि पोटात लाथा घातल्या, "काढ थे, आत्ता काढ!" शेजारणींनी सोडवली.

मी तिला कारंज्याच्या त्याच दवाखान्यात आणून टाके आणि प्लास्टर घालून घेतलं. भरतीचा मेसेजही त्यालाच गेला. तो कुऱ्हाड घेऊन फाटकावर आला, वॉचमनचं नाक फोडलं. आम्ही मागच्या दाराने निसटलो. पोलिसांत तक्रार दिलीय, पण तो अजून सापडलेला नाही.

मी दवाखान्यात तिच्या नावापुढचा नंबर बदलायला गेलो. खिडकीवरची मुलगी मायेने म्हणाली, "बदलून देतो न काकाजी. जुन्या नंबरवर ओटीपी येईन, तेवढा सांगा."

"तो त्याच्याकडूनच मागून आणू काय?"

तिने पुढच्या माणसाचा कागद घेतला.

उद्या तिथेच टाके काढायचे आहेत, त्याचा मेसेजही त्यालाच गेला असणार. जखम चिघळलीय, पोरीला ताप आहे. केस पोलिसांची, म्हणून दुसरा डॉक्टर हात लावत नाही. "मामा, मले तिथं नका नेऊ," म्हणते. मी तिला म्हणतो, मी आहे ना. पण बाबा, तो कुऱ्हाड घेऊन समोर आला तर मी आडवा होईन की बाजूला सरकेन, हे मला खरंच सांगता येत नाही.