माझ्या नावाचा कोंबडा

मुंबई, मार्च १९५९

माझ्या आयेला तिच्या गुणाजीचा जयभीम.

ताप उतरला, आता भात जेवतो. काळजी करू नकोस. पण महादूकडून तू लिहवलंस, "तुझ्या तापासाठी गावच्या देवचाराक कोंबडो दिलंय," ते त्या राखणदार भुताचं वाचून माझं डोकं फिरलं! आपण बुद्धाचे झालो त्या दिवशी माझ्या शेजारी बसून, कुठलाही जीव मारणार नाही, असं तूच बोललीस ना? मग माझ्याच नावाने सुरी कशी धरलीस गो?

मला बरं केलं शेजारच्या सिपोराबाईंनी. त्या ज्यू, अलिबागकडच्या. शनिवारी त्यांच्या घरात विस्तव पेटत नाही, धर्मच तसा. माझा ताप भडकला तो नेमका शनिवारी. त्यांनी स्टोव्ह पेटवून मला पेज करून घातली. मी म्हटलं, "माझ्यापायी तुमचा शनिवार मोडला." तर म्हणाल्या, "जीव वाचवायला मोडला तर देव रागावत नाही."

त्यांनी जीव वाचवायला नेम मोडला, आणि तू जीव घेऊन मोडलास!

तुझा गुडघा कसा आहे? आपली तांबडी कोंबडी तरी शिल्लक आहे ना? पुन्हा माझ्यासाठी काही करावंसं वाटलं, तर तिला मूठभर दाणे जास्त घाल.

तुझ्यावर रागावलेला, तुझाच
गुणाजी