चार बोटं कमी

४ फेब्रुवारी

आज सासरे माझ्यावर रागावले आणि मी त्यांच्यावर! दोघांनीही अवाक्षर काढलं नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नाही. कळलं फक्त सासूबाईंना. मी भांडी कशी आपटते त्यावरून त्यांना सगळं कळतं.

झालं असं – आमच्या सायकलच्या दुकानात नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन मलमपट्टी करतात, दिवसभर सायकलवर. सायकल आमचीच, सासऱ्यांनी स्वतः नळ्या कापून, जोडून केलेली. म्हणाल्या, मान धरते, तळवे बधिर होतात, इंजेक्शन देताना बोटांना काही कळत नाही. सासऱ्यांनी हँडल वर केलं, सीट पुढे सरकवली. होईल सवय, म्हणाले. वर्ष होऊन गेलं की हो सायकल नेऊन! आता आणखी कधी व्हायची सवय?

त्या गेल्यावर मी कानस खाली ठेवली आणि विचारलं, बाबा, ह्यांचं माप कसं घेतलं होतं?

"घ्यायचं काय त्यात? दारातून आत येताना बघितलं की."

५ फेब्रुवारी

रात्रभर तेच डोक्यात. इथे लिहून काढते म्हणजे सुटेल.

आमच्याकडे पुरुष आला की त्याला बूट-मोजे काढायला लावतात. पाठ भिंतीला. दोन पायांच्या मधे पट्टी धरून वर ओढायची, घोड्यावर बसल्यासारखी घट्ट, आणि भिंतीवर पेन्सिलची खूण. मग धड मोजायचं, हात, खांदे. चांगला अर्धा तास मोडतो. गप्पा, हसणं-खिदळणं. त्या आकड्यांवरून फ्रेम. सासऱ्यांची फ्रेम म्हणजे पायाला मुरलेली चप्पल, असं लोक म्हणतात ते उगीच नाही.

आणि बाई आली की? सासरे गल्ल्यामागून उठतसुद्धा नाहीत. उंची विचारतात, एकदा बघतात, आणि तेवढ्याच उंचीच्या पुरुषाच्या फ्रेममधून चार बोटं कमी करतात. झालं माप! का, तर परक्या बाईच्या अंगाला टेप लावायची कशी. सभ्य माणूस आहे, त्यात वादच नाही. पण सभ्यपणा ह्यांचा आणि मानदुखी बायकांची, हा कुठला न्याय?

७ फेब्रुवारी

बोलले. जेवताना मीच विषय काढला. बाबा, तुम्ही बायकांचं माप घेतच नाही, असं सरळ.

सासऱ्यांचा हात ताटावरच थांबला. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाण्याचं पिंप लाथाडलं. त्याचं काय जातंय? त्याला दुकानाशी कधी देणंघेणं नव्हतं, तो त्याच्या ऑफिसात सुखी आहे. दुकानात कानस घासायला, रंग मारायला मी जाते. बापाचं काम पोराने नाही उचललं, सुनेने उचललं – ह्याचं कौतुक सासरे चारचौघांत करतात बरं का, माझ्यासमोर नाही.

सासरे ताट तसंच ठेवून उठले. नंतर ओट्यापाशी सासूबाई म्हणाल्या, "बोललीस ते बरं केलंस. पण जेवण होऊ द्यायचं होतंस."

८ फेब्रुवारी

दुकानात सबंध दिवस शांतता. पाना दे, एवढंच. तेही पान्याकडे बघून.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी शटर ओढताना सासरे बोलले! नर्सबाईंना बोलाव म्हणाले. माप तू घे, नळ्या तू काप, जोडायची ज्योतही तूच धर. मी हात लावणार नाही.

मला वाटलं खूश झाले. तर पुढे – "बरोबर झाली तर झाली. चुकली तर ती तूच कापून भंगारात टाकायचीस, आणि ह्यापुढे फक्त रंगकाम. प्रत्येक फ्रेमवर माझं नाव असतं."

मी हो म्हणाले. मला ज्योत आवडते. पितळ वितळून नळीच्या सांध्यात सरसर शिरतं ना, तेव्हा जगात दुसरं काही नसतं. आणि तेच मी पणाला लावून बसले. एवढी मस्ती आली कुठून मला?

१२ फेब्रुवारी

नर्सबाई आल्या. सासूबाईंनी जुनी चादर आणली आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात दोरीवर पडदा केला. कुणी सांगितलं नव्हतं. सासरे मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून, जणू आत ऑपरेशन चाललंय.

पहिल्याच मापाला माती खाल्ली! सगळे आकडे घेतले, लिहिले, आणि मग लक्ष गेलं – बाई चपला घालूनच उभ्या. जाड तळव्यांच्या. नर्सबाई म्हणाल्या, मला वाटलं तुमच्यात असंच घेतात. पुन्हा पहिल्यापासून. हसून हसून दोघींची पुरेवाट. बाहेरून खाकरल्याचा आवाज आला तेव्हा गप्प झालो.

आणि आकडे बघते तर काय – बाईंचे पाय लांब, धड आखूड, हात त्याहून आखूड! म्हणजे चार बोटं कापून केलेली ती फ्रेम पायांना बुटकी आणि हातांना लांब. दोन्हीकडून चूक. बिचारी वर्षभर त्या हँडलकडे ओणवी होऊन पोचत होती, आणि आम्ही म्हणत होतो, सवय होईल.

१३ फेब्रुवारी

सासऱ्यांनी माझं रेखाटन बघितलं. दांडा एवढा आखूड? पोरांची सायकल करतेयस का? मी म्हटलं, बाबा, हेच माप आहे. बुटकी दिसेल, म्हणाले. आखूड दिसेल, मी म्हटलं, पण हात पोचेल.

पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलताना आवाज खाली गेला नाही माझा.

१५ फेब्रुवारी

नळ्या कापल्या. त्यांची तोंडं कानसीने घासली.

१७ फेब्रुवारी

जोडली!!

शेवटचा सांधा खालचा, पेडलपाशी. तिथे ज्योत जरा जास्त वेळ धरली तर नळी जळते, कमी धरली तर पितळ नुसतं वर बसतं, आत जात नाही. घाम डोळ्यांत. पुसायला हात रिकामा नाही. सासरे मागे उभे होते. पितळ आत गेलं. मी बघितलं ते जाताना.

थंड झाल्यावर त्यांनी मागच्या चाकाच्या जागेपासून पुढे हँडलच्या नळीपर्यंत दोरा ताणला, दोन्ही बाजूंनी. फ्रेम जराही वाकडी असली की दोऱ्यातलं अंतर एका बाजूला जास्त येतं. डोळा बारीक करून बघितलं. उलटी करून बघितलं. मग दोरा गुंडाळून खिशात टाकला आणि हात धुवायला गेले.

त्यांच्या भाषेत ह्याला शाबासकी म्हणतात! मला माहितीये, पुरुषांच्या एवढ्या फ्रेम करताना मी बघितलंय, जिथे चूक असते तिथे ते बोलतात.

२० फेब्रुवारी

सायकल गेली. निळी. रंग इतका छान बसलाय की मीच परत परत बघत होते. आता सगळं नर्सबाईंच्या मानेवर.

२७ फेब्रुवारी

आठवडाभर नर्सबाईंचा पत्ता नव्हता. मला जेवण गोड लागेना. आज दुपारी घंटी वाजवत आल्या! उतरल्या, दोन्ही हात पुढे केले, बोटं उघडझाप करून दाखवली. नव्वद रुग्ण झाले म्हणाल्या, एकदाही बधिर नाही. मान इकडे वळते, तिकडे वळते. आणि मग जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवते – "आधी मी सायकलला सांभाळत होते. आता ती मला सांभाळते."

खोटं कशाला, रडू आलं. वळून कानस शोधायचं नाटक केलं. सापडेना. हातातच होती.

सासरे ऐकत होते. नर्सबाई गेल्यावरही त्या रस्त्याकडे बघत बसले. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, आता म्हणतील. तोंड मात्र उतरलं होतं त्यांचं. जिंकले मी, आणि ते तसे बसलेले मला बघवेना.

६ मार्च

नर्सबाईंनी गावभर केलं वाटतं! ह्या आठवड्यात शाळेच्या बाई आल्या, टपाल वाटणारी आली, दोघी बहिणी आल्या – दिसायला सारख्या, मापं मात्र अजिबात सारखी नाहीत. टपालवाली म्हणाली, माझी सायकल तर आडदांड घोडाच आहे, मला वाटायचं माझंच अंग वाकडं.

पडदा आता कायमचा टांगलाय. शाळेच्या बाईंना पडद्याआड नेताना मागून सासऱ्यांचा आवाज आला. दुसऱ्या कुणाला सांगत होते, सहज, जशी कित्येक वर्षांची रीत असावी: "बायकांची मापं आमची सूनबाई घेते. तिच्यासारखं मला नाही जमत."

तिच्यासारखं मला नाही जमत! नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, बाबा असं म्हणाले? दोनदा विचारलं त्याने. म्हटलं, जा, जाऊन त्यांनाच विचार.

९ मार्च

आज सुट्टी, दुकान बंद. तरी सासऱ्यांनी शटर अर्धं उघडलं आणि सासूबाईंना घेऊन आले. त्यांच्या चपला बाहेर काढून ठेवल्या, स्वतः वाकून. मला म्हणाले, "हिचं माप घे. लग्नानंतर मी हिला एक करून दिली होती. बघूनच." आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

सासूबाईंना सायकल येते हे मला माहीतच नव्हतं! पडद्याआड पट्टी धरताना हळूच विचारलं, आई, मग सोडलीत का?

"मी कुठे सोडली गं? पायच पोचायचे नाहीत."