होडी जागेवर असते

४ मार्च
मुलाखत झाली! बेटावरच्या शाळेतल्या संगणकावर, बॅटरी टिकली तोवर. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात रेडिओ दुर्बीण आहे. काम ऐकण्याचं — ताऱ्यांकडून कुणी बोलतंय का. शेवटी मूर्खासारखं विचारलं, "जहाजात बसल्यावर तुमचा किनारा माझ्यापाशी कधी येईल?" पलीकडच्या बाई हसल्या. "किनारा जागचा हलत नाही, लिसोर. तू येशील."
होनोलुलूत इतकी वर्षं रेडिओ शिकले, तरी बोलताना बाबांच्या होडीतच बसलेली असते.
एक पान लिहून मागितलंय. इतरत्र बुद्धिमान जीव असतील, तर त्यांनाही माणसासारखी शोधत निघायची ओढ असेल का? पुढचं जहाज बेटावर येईपर्यंत मुदत; मलाही त्यानंच निघायचंय.
बाबांना नोकरीचं सांगितलं. दोर वळत होते. वळत राहिले.

५ मार्च
पान कोरं. प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. ते दूर निघणारे असतील, तर दूर गेलेल्या आपल्या माणसांशी रेडिओवर बोलतील — रोखून, एका दिशेनं. तसा आवाज पकडता येतो. घरी बसणारे असतील, तर ऐकायचं काय? शांतता?

७ मार्च
बाबांनाच विचारलं. जन्म समुद्रात गेलाय त्यांचा.
"शोधायला? आम्ही कासवं आणायला जातो. एकदा तंबाखू संपली म्हणून गेलो होतो."
"पण ही बेटं पहिल्यांदा कुणी शोधली?"
"भावाभावांचं भांडण झालं असेल." मग दोराला गाठ मारून — "आणि जातं कोण? होडी जागेवर असते. बेटं सरकतात. मागचं मागे जातं, पुढचं पुढ्यात येतं. तुझे ते वरचेही बसले असतील, पृथ्वी कधी येते बघत."
संध्याकाळी खाजणाच्या पाण्यावर उताणी पडून राहिले. पहिला तारा आला. मी हलले नव्हते, तो आला. तिकडेही कुणी असंच पाण्यावर पडलं असेल. आमचा सूर्य हळूहळू त्याच्याकडे येत असेल, एक बारीक ठिपका होऊन. हे पानावर लिहिण्यासारखं नाही. इथे चालेल.
माझ्या जाण्याबद्दल बाबांचा अजून एक शब्द नाही.

१० मार्च
बाबा दोन भाच्यांना घेऊन पश्चिमेच्या कासवबेटाकडे गेले. डोळ्यांत मोतीबिंदू असताना! मला सांगितलंही नाही.

११ मार्च
नेइकुर मावशीबरोबर अळकुड्यांच्या चिखलात. तिच्या तोंडाला विसावा नाही. "एवढी शिकलीस आणि इतकं कळेना? तुझ्या निरोपाच्या जेवणाला कासव नको? तोंडानं 'जा' म्हणायचा नाही तुझा बाप. कासव आणून टाकेल पुढ्यात. तेच समजायचं."
हात चिखलात तसेच राहिले.

१८ मार्च
एव्हाना यायला हवे होते. वारा चांगला आहे.
मावशी म्हणते, "तोंड पाडू नकोस. त्यांची होडी जागेवर आहे. आपलं बेट अजून त्यांच्यापाशी पोहोचलं नाही, एवढंच." म्हणाली, आणि नीरफणस करपवला. ती कधी करपवत नाही.

२० मार्च
शाळेच्या रेडिओला कान लावून बसले. खरखर. तिकडे पगार घेऊन हेच करणार आहे! खरखरीत आवाज असल्याचा भास होतो. नीट तपासलं की नसतो.

२२ मार्च
जहाज आलं. पान पाठवलं — दोनच ओळी. "ओढ असेल की नाही, माहीत नाही. पण त्यांच्यातलं कुणी गेलं आणि परत आलं नाही, तर बाकीचे निघतील."
कासवबेटाकडे आमच्या बायका जात नाहीत. मी जहाजात चढताना मावशीनं अडवलं नाही; भाजलेला नीरफणस पानात बांधून दिला. कप्तान आपल्याच बेटांतला. वाट वाकडी करायला कबूल झाला. मी विचारलं, "कासवबेट आपल्यापाशी कधी येईल?"
तो हसला नाही. म्हणाला, "सकाळी."