तीन अक्षरांचा चहा

मोठेबाबा,

'प्रिय' लिहिणार होतो, हात वळला नाही. आज आईचा फोन आला. एकोडीचे पाहुणे रविवारी प्रणालीताईला परत पाहायला येऊन राहिले. आई विचारते, "बैठकीतला मोठ्याबाबाचा फोटो राहू देऊ का काढू रे?" तुम्ही जाऊन वर्ष झालं, तरी घर तुम्हाला भिते. म्हणून हे पत्र.

बाबांचा थोरला भाऊ हा मान सोडला, तर तुमच्याकडे होतं काय? पुठ्ठा निघालेली डिक्शनरी आणि एक खोड. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचीच अक्षरं फिरवून दुसरा काढायचा आणि अर्थ विचारून समोरच्याला मान खाली घालायला लावायची. राइस म्हणजे तांदूळ, हे आम्हालाही येत होतं. पण त्याच चार अक्षरांचा होतो एरिक, म्हणजे जुन्या आयर्लंडात खुन्याने मेलेल्याच्या घरच्यांना द्यायचा दंड. हे मला धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं करून विचारलंत, सगळ्या बायांसमोर. मी कोणाचा खून केला होता?

आणि वरठी स्टेशनवर एका बाईने इंग्रजीत तिकीट खिडकी विचारली, तेव्हा? "येस, येस" म्हणत सायकल काढलीत. मी मागे कॅरिअरवर होतो. घरापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

ताईच्या वेळी तरी असंच गप्प बसायचं होतं. तीन वर्षांपूर्वी एकोडीचा हाच ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मुलगा तिला पाहायला आला होता, तिला आवडलाही होता. त्याने कप तोंडाला लावला आणि तुम्ही सुरू झालात.

"टी, ई, ए. टी म्हणजे चहा. याच अक्षरांचे अजून शब्द सांगा, जावईबापू."

"ईट. खाणं," तो म्हणाला.

"अजून?"

"एट. खाल्लं."

"अजून एक रायला."

त्याने कप खाली ठेवला.

"ईटा. ग्रीक लोकायचं सातवं अक्षर. एवढं येत नाही, अन् पोरगी पाह्यले कायले आले?"

त्याचे वडील उठले. "आमचा पोरगा इंजिन खोलते जी, अक्षरं नाही." मुलाचा अर्धा कप तसाच राहिला. तुमचा मात्र तुम्ही बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात.

तीन वर्षांत ताईने दोन स्थळं नाकारली. आता त्याच मुलाने निरोप पाठवला, "घरात परीक्षा घेणारं कोणी रायलं नाही ना?" तुम्ही गेल्यावरच पाहुणा घरात पाय ठेवतो, एवढीच तुमची कमाई.

मी इथे राजकोटला बेअरिंगची खोकी भरतो. सांगायला लाज वाटते, जेवणाच्या सुट्टीत खोक्यावरची अक्षरं मीही फिरवत बसतो. तुमचीच लागण. पण अर्थ कोणाला विचारत नाही.

आईला सांगितलं, फोटो काढू नको. दिसू दे तुम्हालाही. उद्या गाडी धरतो. रविवारी तुमच्या खुर्चीत मी बसेन. चहा येईल. त्याचा कप रिकामा होईस्तोवर मी तोंड उघडणार नाही.

तुमचा आठवी नापास पुतण्या,
सूरज