शेवटचं टोकन कोणी घ्यायचं?

लिल्व्हिक, मिनेसोटा
मंगळवार, तळं काठाकडून गोठायला लागलं आहे

थोरल्या आर्डिसताईस, धाकट्या नॉर्वलचा नमस्कार.

पत्राचं कारण विचारशील तर काहीच नाही. तुझे गुडघे, भावोजींचा रक्तदाब आणि तुमच्या अंगणातलं निवडुंग ही तिन्ही बरी असावीत. इकडे आम्ही सगळे बरे. थंडी आहे, पण वाईट नाही. काल मागचं दार उघडेना एवढंच. अक्षर माझं नाही हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. मी सांगतो आहे आणि तुझी लेक ब्रिटा लिहून घेते आहे, कारण माझा चष्मा सापडत नाही. (ब्रिटा म्हणते, चष्मा नाकावरच आहे. तरी सापडत नाही असंच लिही म्हटलं.)

डोळ्यांचं तू विचारणारच, म्हणून सांगतो: विशेष काही नाही. समोर पाहिलं की मधोमध एक करडा डाग येतो आणि माणसाचं तोंड त्यात जातं. कान, टोपी, खांदे स्वच्छ दिसतात, आणि आपल्या गावात माणूस टोपीवरून ओळखता येतो. फार्गोची डॉक्टरीण म्हणते, दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यायलाच हवी. गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं राखता येतं. पण वसंतात मी धान्याच्या कोठारापुढच्या पाटीवर गाडी घातली (पाटी नवी होती आणि ती तिथे लावल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं), तेव्हा परवाना गेला. तेव्हापासून फार्गोला जाणं झालेलं नाही. तू म्हणशील, चर्चची व्हॅन आहे, गेलन ती फुकट चालवतो, त्याला सांग की! ताई, ॲरिझोनात राहून राहून तू असं बोलायला लागलीस. गेलनला सांगायचं म्हणजे गेलनला त्रास. तो बिचारा कित्येक वर्षं फोनशेजारी बसून आहे, आणि त्याला त्रास नको म्हणून गावातल्या एकाही माणसाने त्याला फोन केलेला नाही. व्हॅनमध्ये आता उंदरांचा संसार आहे.

त्यावरच तुझ्या मुलीने उपाय आणला. तिची डेन्व्हरची कंपनी आभासी नाणी बाजारात आणायचा एक मंच बांधते आहे. (घाबरू नकोस, भावोजींनी हात पोळून घेतले ती ही नव्हेत.) ही कामाची टोकनं. विकून श्रीमंत व्हायचं नाही, वापरायची. जत्रेत पाळण्यात बसायला आपल्याला पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तसाच हा. फक्त फोनमध्ये राहतो आणि त्याची नोंद जगभरच्या संगणकांत असते, म्हणजे मागाहून कोणाला नाही म्हणता येत नाही. मंच खुला करण्याआधी तो खऱ्या माणसांवर चालवून पाहायचा होता, आणि ब्रिटाने आपलं गाव सुचवलं. एक टोकन म्हणजे व्हॅनची फार्गोला एक फेरी. चाचणी असल्यामुळे पैसे खोटे, फेऱ्या मात्र खऱ्या. मला हे फारच पटलं. टोकन असलं की कोणाला विचारायचं नाही, कोणाचे उपकार नाहीत. व्हॅन दारात येते आणि आपण बसतो. अट एकच होती. सगळी टोकनं उचलली गेली तरच त्यांचं कुलूप उघडणार आणि फेऱ्या सुरू होणार. एक जरी उरलं तरी सगळी परत, आणि व्हॅन उंदरांची.

पहिल्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात मंडळी जमली. कॉफी होती, खिमा-बटाट्याची भाजलेली हॉटडिश होती, डेलोरिसने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. (डेलोरिस अजून स्वयंपाकघराची सत्ता धरून आहे. तुझी चौकशी करत होती, म्हणजे तू जाड झालीस का असं विचारत होती.) पहिलं टोकन कोणी घ्यायचं यातच अर्धा तास गेला, पण एकदा सुरुवात झाल्यावर पटापट संपली आणि शेवटचं एक उरलं. तिथे सगळ्यांचे फोन थांबले. आता ताई, ताटातली शेवटची वडी आपल्याकडे कोण उचलतं? कोणीच नाही. फार झालं तर सुरीने अर्धी कापून घेतात आणि अर्धी पुढच्यासाठी ठेवतात. दुर्दैव असं की या टोकनाचेही तुकडे पडतात, आणि तेही किती बारीक! कोणीतरी अर्धं घेतलं. दुसऱ्याने उरलेल्याचं अर्धं. तिसऱ्याने त्याचं अर्धं. ब्रिटा आधी हसत होती, मग हसेनाशी झाली. डेन्व्हरला तर हाहाकार उडाला. तिथला तिचा साहेब (साहेब कसला, मिसरूड फुटलेला पोरगा) फोनच्या पडद्यावरून ओरडायला लागला, “ब्रिटा, हल्ला झालाय! कुठलं तरी यंत्र कणाकणाने खरेदी करून आपला मंच पाडतंय. माणूस असं वागूच शकत नाही!” ब्रिटाने मान वळवून पाहिलं. यंत्र लोकरीचे मोजे विणत बसलं होतं आणि मधूनमधून फोनला बोट लावत होतं.

“डेलोरिस मावशी, संपवून टाका ना एकदाचं ते!” ब्रिटा काकुळतीला आली.

“अगं, सगळं कसं घेऊ? कोणाला तरी हवं असेल. मी आपलं जरासंच घेतलं.”

मुदत संपली तेव्हा उरलेला तुकडा डोळ्यांनी दिसण्याजोगा नव्हता (आणि हे मी एकटाच म्हणत नाही). सगळी टोकनं परत गेली.

डेन्व्हरने मग तुकडे पाडायची सोय काढून टाकली. या रविवारी पुन्हा तोच प्रयोग, पुन्हा हॉटडिश. या खेपेस एक सोडून सगळी गेली, आणि ते एक मात्र अख्खंच्या अख्खं तसंच राहिलं. तळघरात इतकी शांतता मी फक्त माझ्या लॉरेनच्या दफनानंतरच्या जेवणात ऐकली होती. मी स्वतः टोकन घेतलेलं नव्हतं. आधी गरजूंना मिळावं, माझं काय, मी बरा आहे. पण सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्यासारख्या वाटल्या.

“नॉर्वल, हवा बरी आहे नाही?” गेलन म्हणाला.

“वाईट नाही,” मी म्हणालो.

“फार्गोपर्यंत रस्ता मोकळा आहे म्हणे.”

“असेल.”

“मी व्हॅन धुतली. उंदीरही काढले.”

“चांगलं केलंस.”

यापेक्षा उघड आपल्याकडे कोणी बोलत नाही, आणि मला ते नको तितकं कळलं. मी आणखी कॉफी ओतून घेतली. पुष्कळशी टेबलावर गेली. डेलोरिसने ती पुसून घेतली.

ते एक उचलायला येत्या रविवारपर्यंत शेवटची मुदत आहे. त्यानंतर कंपनी ही चाचणी टेक्सासमधल्या कुठल्याशा गावात नेणार. तिथे टोकनं दहा मिनिटांत संपतील आणि वर भांडणं होतील, असं साहेब मोठ्या आशेने म्हणाला. असो. आमचं इथे सगळं ठीक आहे. भावोजींना नमस्कार, निवडुंगाला जपून पाणी घाल.

तुझा धाकटा,
नॉर्वल

ता. क. तुझ्या मुलीबद्दल तक्रार नाही. वरच्या खोलीत कोणाची तरी पावलं वाजतात हे बरं वाटतं. लॉरेन गेल्यापासून घर फार गप्प होतं.

ता. क. दुसरा. आता विषय निघालाच म्हणून. रविवारी घरी आल्यावर ब्रिटा मला म्हणाली, “मामा, ते टोकन सगळ्यांनी तुझ्यासाठी ठेवलंय. घे ना.” मी नको म्हणालो. काल न्याहारीला पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, नको, मी बरा आहे. तर तिने “ठीक आहे” म्हणून बशा उचलल्या! ताई, त्या उन्हात तू पोरीला शिकवलंस तरी काय? पहिल्या वेळी ‘नको’ म्हणतात ते सभ्यपणा म्हणून. दुसऱ्या वेळी म्हणतात ते खरंच विचारताहेत ना हे बघायला. माणूस घेतो ते तिसऱ्या आग्रहाला, हे आईने आपल्याला चालता येण्याआधी शिकवलं होतं. तर फोन करशील तेव्हा सहज बोलता बोलता तिच्या कानावर घाल. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. मला काही घाई नाही. पण काल आरशात दाढी करताना माझंच तोंड त्या डागात गेलं, आणि मी घाबरलो.

ता. क. तिसरा, ब्रिटाचा. आई, मी पेन खाली ठेवलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. मामाने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, “बरं, एवढा आग्रहच असेल तर.” मी फोन त्याच्या हातात दिला, पण बटण कुठे आहे ते त्याला दिसेना. मग मी त्याचं बोट धरून तिथे नेलं. गेलनची व्हॅन उद्या सकाळी येते आहे.